बाहेरचा खांब आत आला : व्हर्सायच्या खोल्या, १७३८ ते १७८९



राजवाड्याच्या अंतर्भागावर तासभर बोलायचं म्हणजे पडदे, पलंग आणि झुंबरांची जंत्री वाचायची, असा समज असतो. आज ती वाचणार नाही. एका राजवाड्यातल्या थोड्या खोल्या, एक मेज आणि ते घडवणारी माणसं, एवढ्यावर बोलेन. राजवाडा व्हर्सायचा. काळ पंधराव्या लुईचा आणि त्याच्या नातवाचा, म्हणजे सोळाव्या लुईचा. प्रश्न असा, की १७३०-४० च्या सुमारास इथल्या भिंतींवर शिंपले, वेली आणि वळणं नुसती उसळत होती. पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत त्यांच्या जागी सरळ रेषा, पन्हळी पाडलेले खांब, पानांचे बेतशीर हार कसे आले? कलेतिहासाच्या भाषेत पहिल्याला रोकोको म्हणतात, दुसऱ्याला अभिजातवाद किंवा नवअभिजातवाद. आपण शब्दांत अडकू नये. भिंतीकडे बघू.

पाठ्यपुस्तकातली गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. दरबार चैनीत लोळत होता, म्हणून वेलबुट्टी होती. मग इटलीत जमिनीखाली गाडलेली शहरं सापडली: १७३८ मध्ये हर्क्युलेनियमचं रीतसर उत्खनन सुरू झालं, १७४८ मध्ये पाँपेईचं. लोकांना खरं रोम दिसलं, वेलबुट्टीची लाज वाटू लागली. तरुण राणी मारी आंत्वानेत आली, तिनं जुनं काढून नवं आणलं. पुढे क्रांती झाली आणि सरळ रेषेला नीतीचंही पाठबळ मिळालं. गोष्ट सुटसुटीत आहे. सुटसुटीत गोष्टीत तारखा कोणी तपासत नाही, हीच तिची सोय.

तारखा बघा. या बदलाची सर्वांत प्रसिद्ध वास्तू म्हणजे व्हर्सायच्या बागेतला पती त्रियानों हा छोटा महाल. मारी आंत्वानेतचं नाव त्याला असं चिकटलंय, की तो तिनंच बांधला असं पुष्कळांना वाटतं. काम सुरू झालं १७६२ मध्ये, संपलं १७६८ मध्ये. मारी आंत्वानेत जन्मली १७५५ मध्ये, व्हिएन्नात. पाया खणला तेव्हा ती जेमतेम सहा-सात वर्षांची होती. भिंतींवरचं कोरीवकाम पुरं झालं तेव्हाही तिनं फ्रान्स पाहिला नव्हता. ज्याला आपण ‘सोळाव्या लुईची शैली’ म्हणतो ती त्याच्या आजोबांच्या अखेरच्या पंधरा वर्षांत तयार होऊन बसली होती. नातवाला ती वारशात मिळाली.

आता दुसरा मुद्दा, साक्षीपुराव्याचा. या बदलाचा मुख्य वास्तुकार आंज-झाक गाब्रिएल. जन्म १६९८. वडीलही राजाचे मुख्य वास्तुकार. १७४२ मध्ये वडिलांच्या मागे ते पद याच्याकडे आलं. पती त्रियानों त्याचाच. हा गृहस्थ आयुष्यात इटलीला गेला नाही. रोम नाही, हर्क्युलेनियम नाही, काहीच नाही. ज्यानं राजाच्या घरात खांब उभे केले त्यानं रोमचे खांब पाहिले नव्हते. मग ते त्याला सापडले कुठे?

माझं उत्तर साधं आहे: घराच्या बाहेरच्या भिंतीवर.

फ्रान्समधली एक गोष्ट आपण विसरतो. रोकोको तिथं जवळजवळ कायम घराच्या आतच राहिला. बाहेरची दर्शनी बाजू त्या सगळ्या वर्षांत शिस्तीची होती. व्हर्सायला बागेच्या बाजूनं जा. चौदाव्या लुईच्या काळातली ती लांबच लांब भिंत, तिच्यावर ओळीनं खांब, त्यांवर पुतळे, सगळं मापात. त्या भिंतीमागे पंधराव्या लुईनं खासगी खोल्या करवून घेतल्या, त्या मात्र वळणांनी भरलेल्या. बाहेर सभ्यता, आत मोकळीक, अशी वाटणी होती आणि ती कोणाला खटकत नव्हती. मराठी राजघराण्यांच्या वास्तूंत हीच वाटणी बघायची असेल तर ग्वाल्हेरला शिंद्यांच्या जयविलास महालासमोर उभं राहावं. १८७४ चं काम. बाहेर तीन मजल्यांना तीन प्रकारचे युरोपीय खांब, टस्कन, डोरिक, कोरिंथियन, अगदी परीक्षेचा पेपर लिहावा तसे. आत दरबार हॉलमध्ये सोन्याचा पूर. शंभर वर्षांनी, हजारो किलोमीटरवर, वाटणी तीच.

तेव्हा व्हर्सायमध्ये जे घडलं ते असं: बाहेरची शिस्त हळूहळू दारातून आत आली.

आत काय होतं ते आधी बघू. पंधराव्या लुईला पणजोबांचा, म्हणजे चौदाव्या लुईचा, शयनकक्ष पोटात गोळा आणणारा वाटे. तो खोली कमी आणि रंगमंच जास्त होता. रोज सकाळी राजानं उठायचा सोहळा तिथंच करायचा, दरबाऱ्यांच्या देखत. शिवाय भयंकर थंडी. १७३८ मध्ये त्यानं शेजारी नवी, लहान निजायची खोली करून घेतली. झोपायचं इथं, सकाळी उठून अंगरखा घालून जुन्या खोलीत जायचं आणि तिथं पुन्हा एकदा, सगळ्यांसमोर, उठायचं. या विनोदातून रोकोको समजतो. ही शैली दिमाखासाठी जन्मली नाही, ऊब आणि एकांत यांसाठी जन्मली. छत खाली आलं, शेकोटी जवळ आली, कोपरे गोल झाले, शेकोटीवर मोठा आरसा बसला म्हणजे मेणबत्त्यांचा उजेड दुप्पट.

भिंतीचं काम कसं व्हायचं? विटेवर थेट कोरीवकाम नसे. ओकच्या लाकडाचं अस्तर भिंतीला लावत, त्याला बोआझरी म्हणतात. मोठ्या उभ्या तावदानांचे भाग कार्यशाळेत कोरून आणत. त्यावर खडू आणि सरसाचा लेप अनेक थरांनी. लेप सुकला की बोथट झालेली नक्षी पुन्हा हत्यारानं उजळायची. मग पांढरा रंग आणि उठावावर सोन्याचा वर्ख. या कामातला राजाचा हुकमी माणूस झाक व्हर्बेर्क्ट, मूळचा अँटवर्पचा. त्याच्या तावदानाची चौकट बघितली तर कुठेही काटकोन सापडत नाही. चौकटीची बाजू वर जाता जाता पानात विरते, पान शिंपल्यात, शिंपला फुलांच्या गुच्छात, आणि गुच्छ सरळ छताच्या गोलाईवर चढतो. भिंत कुठे संपली आणि छत कुठे सुरू झालं, ते बोटानं दाखवता येत नाही. रोकोकोचं सगळं कसब त्या न दाखवता येण्यात आहे.

राजाच्या याच खासगी खोल्यांत एक कोपऱ्याची खोली आहे. तिच्यात १७३९ चं एक कपाट उभं आहे, गोद्रो नावाच्या कारागिरानं केलेलं. राजाची पदकं आणि नाणी ठेवण्यासाठी. कपाटाला सरळ म्हणावी अशी एक रेषा नाही. पाय वळलेले, पोट पुढे आलेलं, ब्राँझच्या वेली कडेकडेनं चढलेल्या. आणि आतल्या कप्प्यांत काय? सीझर आणि ऑगस्टस यांच्या चेहऱ्यांची पदकं. कपाटाच्या अंगावरही ब्राँझमधून तसल्या पदकांच्या प्रती लावल्या आहेत. म्हणजे प्राचीन रोम घरात आधीपासून होतं. ते खणात होतं, इतकंच. पाँपेई सापडेपर्यंत त्यांना रोम माहीत नव्हतं असं समजणं म्हणजे त्या लोकांना अडाणी ठरवणं. फ्रान्सच्या शाळेत लॅटिन शिकून मोठा झालेला प्रत्येक माणूस रोम कोळून प्यायलेला होता. त्याला फक्त ते बसायच्या खोलीत नको होतं.

जवळच्याच खोलीत पासमाँचं खगोलीय घड्याळ आहे, १७५४ मध्ये तिथं आणलेलं. ग्रहांच्या गती, चंद्रकला, तारीख सगळं दाखवतं. तारीख तर इसवी सन ९९९९ पर्यंत. यंत्र गणिताचं, पण काफिएरीनं घडवलेलं त्याचं ब्राँझचं अंग पक्कं रोकोको, पाय मुरडून उभं. विचार आधुनिक झाला की रेषा आपोआप सरळ होते, असं कोणी म्हणालं तर मी त्यांना या घड्याळापुढे नेऊन उभं करतो.

तर मग सरळ रेषेची मागणी कोणी केली? राजवाड्यानं नव्हे, पॅरिस शहरानं. आणि या प्रकरणात एक बहीण-भाऊ आहेत. बहीण मादाम द पोंपादूर, राजाची प्रेयसी, जिचं नाव आज रोकोकोशी समानार्थी झालंय. तिनं आपल्या धाकट्या भावाला, पुढे मारिन्यीचा मार्क्वी झाला त्याला, १७४९ च्या अखेरीस इटलीला धाडलं. हेतू उघड होता: हा उद्या राजाच्या बांधकाम खात्याचा प्रमुख होणार, त्याचं शिक्षण व्हायला हवं. बरोबर वास्तुकार सूफ्लो, चित्रकार आणि नक्षीकार कोशँ, आणि एक आबे लेब्लाँ. १७५१ मध्ये परत आल्यावर भाऊ खात्याचा प्रमुख झाला आणि १७७३ पर्यंत राहिला. ‘रोकोकोची राणी’ म्हणवली जाणारी बाई अभिजातवादाच्या मुख्य सरकारी आश्रयदात्याची फी भरत होती. हे बघितल्यावर शैलींच्या लढाया वगैरे भाषा मला जरा नाटकी वाटायला लागते.

गंमत पुढेच आहे. या मंडळींनी हर्क्युलेनियम पाहिलं. कोशँनं त्यावर वास्तुकार बेलिकारबरोबर पुस्तकही छापलं, १७५४ मध्ये. आणि तिथल्या भित्तिचित्रांबद्दल त्याचं मत चक्क वाईट होतं! त्याला ती दुय्यम कारागिरांची कामं वाटली. गाडलेली शहरं सापडली आणि फ्रान्सचे डोळे दिपले, या कथेतला मुख्य साक्षीदारच उलटतो.

कोशँचा राग वेगळ्या गोष्टीवर होता. डिसेंबर १७५४ मध्ये ‘मर्क्यूर द फ्रान्स’ या नियतकालिकात त्यानं सोनार, लाकूडकाम आणि कोरीवकाम करणाऱ्यांना उद्देशून एक विनंती-अर्ज छापला. सूर अत्यंत नम्र, आतून खवचट. त्याचा आशय असा, की मेणबत्तीदान सरळ असावं, त्याला कुणी पिळल्यासारखं करू नका. चौकोनाला चौकोन राहू द्या. आणि चांदीच्या भांड्यावर खऱ्या मापाचा आर्टिचोक घडवलात तर कृपा करून शेजारी बोटाएवढा ससा बसवू नका. या अर्जात ग्रीस-रोमची भक्ती फारशी नाही. आहे ती साध्या तर्काची चीड. वस्तू जे काम करते ते तिच्या अंगावरून कळावं, इतकंच.

लगेच फॅशनही आली. ला लीव्ह द झ्यूली नावाचा श्रीमंत संग्राहक. त्यानं १७५६-५७ च्या सुमारास काळ्या आबनुसाचं, जाडजूड, ग्रीक पद्धतीच्या ब्राँझ पट्ट्यांनी मढवलेलं मेज करवून घेतलं. ते आज शांतियीच्या संग्रहालयात आहे. चित्रकार ग्रझनं त्याचं जे व्यक्तिचित्र काढलंय, त्यात गृहस्थ वीणेसारखं हार्प वाजवताहेत आणि बसलेत अशाच एका चौकोनी, जड खुर्चीवर. माझं मत विचाराल तर ते मेज ओबडधोबड आहे. नव्या मताच्या माणसाला आपलं मत ओरडून सांगावंसं वाटतं, तसं. पुढे कोशँनंही आठवणींत या सामानाची खिल्ली उडवली: त्यावरचे पानांचे हार त्याला विहिरीच्या रहाटाच्या दोरासारखे दिसले. ज्यानं सरळ रेषा मागितली तोच सरळ रेषेवर हसला. १७६३ पर्यंत तर ग्रिम नावाचा लेखक आपल्या वार्तापत्रात लिहीत होता, की पॅरिसमध्ये सगळं ‘ग्रीक पद्धतीचं’ झालंय, घरं, दागिने, बायकांच्या केशरचनाही.

शहरात हे चालू असताना राजवाडा काय करत होता? जुन्याला जोडी शोधत होता. कोशँचा अर्ज छापला गेल्याच्या पुढच्याच वर्षी, १७५५ मध्ये, त्याच कोपऱ्याच्या खोलीसाठी झूबेर या कारागिराकडून दोन कोनकपाटं करवून घेतली; गोद्रोच्या सोळा वर्षं जुन्या कपाटाशी जुळणारी, तितकीच मुरडलेली. मंत्रिमंडळाच्या खोलीचं कोरीवकाम अँटवान रूसोनं १७५५-५६ मध्ये पुरं केलं, तेही वेलबुट्टीतच. राजवाड्यात नवी वस्तू रिकाम्या खोलीत येत नाही. आधीची मंडळी बसलेली असतात, त्यांच्यात सामावून घ्यावं लागतं. म्हणून तिथं शैली बदलते ती खोलीगणिक बदलत नाही. ती एकेका वस्तूत, अर्धी अर्धी बदलते.

आणि ही अर्धीमुर्धी अवस्था पाहायला जगातली सर्वांत चांगली वस्तू त्याच कोपऱ्याच्या खोलीत आहे. राजाचं मेज.

१७६० मध्ये ते झाँ-फ्रांस्वा ओएबेनला सांगितलं गेलं. ओएबेन जर्मन मुलखातून आलेला. पॅरिसच्या आर्सेनल या राजाच्या अखत्यारीतल्या आवारात त्याची कार्यशाळा. त्या आवारात राहणाऱ्याला शहराच्या कारागीर-संघाचे नियम लागू नसत, म्हणून परक्या मुलखातल्या हुशार सुतारांची तिथं गर्दी. तीन वर्षांत, १७६३ मध्ये, ओएबेन वारला. काम त्याच्या हाताखालच्या झाँ-आंरी रीझनेरकडे आलं, हाही वेस्टफालियाचा. रीझनेरनं पुढे गुरूच्या विधवेशी लग्न केलं. यात प्रेम किती आणि कार्यशाळा किती हे कळायला मार्ग नाही. त्या व्यवसायात विधवेबरोबर दुकानाचा परवाना चालत असे. मेज राजाकडे पोहोचलं १७६९ मध्ये. नऊ वर्षं. खर्च बासष्ट हजार लिव्रच्या वर.

आता जरा वाकून बघा. मेजाला गोल झाकण आहे, लाकडी पट्ट्यांचं, अर्धनळ्यासारखं. ते मागे सरकतं आणि लिहायची जागा उघडी होते. किल्ली एकच, आणि ती फिरवली की झाकण आणि सगळे खण एकदम सुटतात किंवा एकदम बंद होतात. हे चोचले नव्हते. पंधरावा लुई आपल्याच परराष्ट्रमंत्र्यांपासून लपवून वर्षानुवर्षं एक गुप्त राजकारण चालवत होता. हेर, खलिते, सांकेतिक पत्रं. लिहिता लिहिता कोणी आलं तर कागद गोळा करत बसायला वेळ नाही. झाकण ओढलं, किल्ली फिरवली, झालं. बाजूला छोटे खण आहेत, ते मात्र बाहेरून उघडतात: नोकरानं येऊन दौतीत शाई आणि वाळू भरून जावी, किल्लीला हात न लावता. ज्यानं हे योजलं त्याला राजाचा स्वभाव पूर्ण कळला होता.

आणि आकार? पाय अजून वळलेलेच. अंग अजून फुगीर, कडा अजून लाटेसारखी. १७६० मध्ये काढलेला नकाशा तो. ओएबेनचा हात वळणातच शिकला होता. पण त्या वळणदार अंगावर काय चढवलंय ते बघा. वर मध्यभागी लेपिननं केलेलं दोन तोंडांचं घड्याळ, म्हणजे समोर बसलेल्यालाही वेळ दिसावी आणि पलीकडे उभा असेल त्यालाही. दोन्ही बाजूंना ब्राँझची माणसं, अपोलो आणि कॅलियोपी, मेणबत्त्या धरून. त्यांचे अंगविक्षेप आवरलेले, जणू पुतळ्यांच्या दालनातून आणून बसवलेत. पानांचे हार आता मोकळे चढत नाहीत. मापानं लोंबतात, डावीकडे जितके तितकेच उजवीकडे. जडावकामातली फुलं मात्र खरी फुलं, ओळखू येणारी. ती एके काळी हिरवी, निळी, गुलाबी होती. कारण लाकडाचे पातळ पापुद्रे रंगवून बसवले होते. आता अडीचशे वर्षांच्या उजेडानं सगळी मधाच्या एका रंगाची झालीत. आपण ज्या ‘राजेशाही तपकिरी’चं कौतुक करतो, ती खरं तर विटलेली झगमग आहे.

ब्राँझचं सोनं तर नीट समजून घ्यावं असं. सोनं पाऱ्यात कालवायचं, ते लोण्यासारखं ब्राँझवर फासायचं, मग आचेवर धरून पारा उडवून द्यायचा. सोनं राहतं, वाफ कारागिराच्या छातीत जाते. वळणदार पानाला जो पारा लागे तोच सरळ पट्टीलाही लागे. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण सरळ रेषा म्हणजे साधेपणा, साधेपणा म्हणजे काटकसर, असं समीकरण मनात बसलेलं असतं. उलट सरळ पट्टीला चूक लपवायला जागा नसते. वेलीत एक पान कमी-जास्त झालं तर कोण बघतं? पन्हळ मात्र केसभर हलली तरी दिसते.

हे मेज घडत होतं त्या सुमारास फ्रान्सच्या तिजोरीत खडखडाट होता, हे खरं. सात वर्षांचं युद्ध १७५६ ते १७६३ चाललं आणि फ्रान्स हरला. १७५९ मध्ये राजानं आपली चांदी टांकसाळीत वितळायला पाठवली. पणजोबांनीही १६८९ मध्ये तेच केलं होतं, तेव्हा तर चांदीची टेबलं आणि खुर्च्यासुद्धा वितळल्या. म्हणून फ्रेंच रोकोकोची उत्तम चांदी आज पाहायची तर लिस्बनला किंवा पीटर्सबर्गला जावं लागतं, जिथल्या राजांनी ती विकत घेतली होती. पण तिजोरी रिकामी होती म्हणून सजावट सरळ झाली, हे म्हणणं मेजाच्या बासष्ट हजारांपुढे टिकत नाही.

आता पती त्रियानों. पोंपादूरसाठी ठरलेला महाल. ती १७६४ मध्येच गेली, आणि वापर सुरू झाला तेव्हा राजाशेजारी मादाम द्यू बारी होती. चौकोनी घर, चार बाजू, आणि प्रत्येक बाजूची मांडणी निराळी. फ्रेंच बागेकडच्या बाजूला पूर्ण कोरिंथियन खांब. वर तिरकं छप्पर दिसतच नाही, कठड्याची सरळ रेषा आकाशाला भिडते. आत शिरलं की माझा मुद्दा डोळ्यांना दिसतो. भिंतीवरची तावदानं आयताकृती झालीत. काटकोन आहे, आणि तो लाजत नाही. भिंत कुठे संपते आणि छत कुठे सुरू होतं, हे आता कंगोऱ्याची ठळक रेषा सांगते, बाहेरच्या भिंतीवर सांगते तशीच. कोरीवकाम ऑनोरे गिबेरचं. त्यात पाँपेईचं जवळपास काही नाही! फळं आहेत, फुलांचे हार, तिरप्या फांद्या, लॉरेलची पानं. का, तर राजाला इथं वनस्पतिशास्त्राचं वेड लागलं होतं; बेर्नार द झ्युस्स्यू या शास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली त्यानं त्रियानोंला वनस्पतींची बाग केली होती. खिडकीबाहेर जे उगवत होतं ते भिंतीवर आलं. व्हर्बेर्क्टच्या भिंतीवरची वेल कुठल्याच मातीत उगवली नसती. गिबेरची फांदी माळ्याला ओळखता आली असती. या खोल्यांतल्या कोरीवकामात मला व्हर्सायमधलं सगळ्यात प्रामाणिक काम दिसतं. जेवणघरात तर जमिनीखालून वाढून वर येणारं टेबल बसवायचं ठरलं होतं, नोकर दिसूच नयेत म्हणून. ते शेवटी झालं नाही. खोल्यांची मापं, शेकोट्या, एकांताची हौस, सगळं रोकोकोकडून जसंच्या तसं घेतलेलं. बदललं ते फक्त भिंतीचं व्याकरण. याच महालात एप्रिल १७७४ मध्ये राजाला देवीचा ताप आला. १० मे रोजी तो मुख्य राजवाड्यात वारला.

नातू गादीवर आला आणि त्याच वर्षी गाब्रिएलनं त्याच्यासाठी ग्रंथालय केलं. ७६ वर्षांच्या म्हाताऱ्याचं व्हर्सायच्या आतलं हे शेवटचं काम. मधोमध रीझनेरचं गोल टेबल, महोगनीच्या एका अखंड फळीचं, व्यास २.१० मीटर. त्याच्यावर जवळजवळ नक्षी नाही. लाकूड हीच नक्षी. कोरीवकाम रूसोंच्या घरचं. आणि हे घराणं लक्षात ठेवा: बापानं, अँटवाननं, १७५५ मध्ये मंत्रिमंडळाच्या खोलीत वेली कोरल्या, त्याच बापानं १७७० च्या सुमारास राजाच्या न्हाणीघरात देवनळ आणि पाणकणसं कोरून त्यांना सोन्याच्या वेगवेगळ्या छटा दिल्या, आणि त्याच्या दोन मुलांनी १७८३ मध्ये, वास्तुकार मीकच्या हाताखाली, मारी आंत्वानेतच्या सोनेरी खोलीत स्फिंक्स आणि धुपाटणी कोरली. एकाच घरात छिन्नी बापाकडून मुलांकडे गेली आणि तिनं तिन्ही कामं केली. आपण पुस्तकात शैलींना युगं म्हणतो. त्या घरात तो गिऱ्हाइकानं सांगितलेला बदल होता.

१७८३ ची ती सोनेरी खोली मला, खरं सांगायचं तर, आवडत नाही. अभिजातवाद पक्व झाला, आणि पक्व झाल्यावर पोथीबंद झाला. स्फिंक्स पुस्तकातून आलेत, धुपाटणी पुस्तकातून आलीत. इथं पाँपेईचा वास खरोखर येतो. तो येतो शोध लागल्यावर पस्तीस वर्षांनी. पती त्रियानोंमधल्या मारी आंत्वानेतच्याच छोट्या खोलीत, १७७६ मध्ये मर्कलँ या यंत्रज्ञानं जमिनीखालून वर चढणारे आरसे बसवून दिले, खिडक्या झाकतील असे. १७८७ मध्ये त्याच खोलीला रूसो बंधूंनी निळ्यावर पांढरं, काटेकोर अभिजात अस्तर लावलं. भिंत ग्रीक, इच्छा मात्र पंधराव्या लुईच्या काळातलीच: कोणी बघू नये.

राणीचा मोठा शयनकक्ष याहून बोलका आहे. भिंतींवरचं व्हर्बेर्क्टचं काम १७३० च्या दशकातलं, आधीच्या राणीसाठी केलेलं. मारी आंत्वानेतनं ते काढलं नाही. १७७० मध्ये छताच्या कोपऱ्यांत ऑस्ट्रियाचे दुमुखी गरुड आले, १७८६ मध्ये शेकोटी लाल संगमरवराची झाली, ऋतूप्रमाणे रेशीम बदललं. वेलबुट्टी तिच्या पलंगामागे शेवटपर्यंत होती, ६ ऑक्टोबर १७८९ च्या पहाटे जमाव आत शिरला तेव्हासुद्धा.

एक तुलना करून आवरतो. रशियात हे असं घडलं नाही. त्सार्स्कोये सेलोचा राजवाडा वास्तुकार रास्त्रेल्लीनं १७५० च्या दशकात सम्राज्ञी एलिझाबेथसाठी बांधला. तिथं बाहेरची भिंतही निळी, वळणदार, आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा. बाहेर शिस्तच नव्हती, मग ती आत येणार कुठून? म्हणून पुढे सम्राज्ञी कॅथरीनला शिस्त आयात करावी लागली. चार्ल्स कॅमेरन नावाचा स्कॉट, ज्यानं १७७२ मध्ये रोमच्या स्नानगृहांवर पुस्तक छापलं होतं, त्याला तिनं १७७९ मध्ये बोलावून घेतलं. त्यानं रास्त्रेल्लीच्या राजवाड्यात आपल्या खोल्या कापून बसवल्या आणि शेजारी वेगळी वास्तू उभी केली. खोल्या सुरेख आहेत. पण एका दारातून पलीकडे गेलं की देश बदलल्यासारखं होतं. व्हर्सायमध्ये तो धक्का बसत नाही, कारण तिथं दोन्ही बाजूंना माणसं तीच होती.

त्या माणसांपैकी एकाची उरलेली हकीकत. क्रांतीनंतर व्हर्सायच्या राजवाड्यातलं सामान ऑगस्ट १७९३ ते ऑगस्ट १७९४ लिलावात गेलं, सतरा हजारांवर नग. क्रांतीच्या सरकारला राहिलेल्या वस्तूंवरची राजचिन्हं काढून हवी होती. हे काम ज्यांच्याकडे दिलं त्यांत रीझनेर होता. स्वतः बसवलेली मुकुटांची, राजाच्या अक्षरांची ब्राँझ त्यानं स्वतः खोलली. राजाच्या त्या मेजावरचीही राजचिन्हं गेली आणि त्यांच्या जागी दुसरं काही बसवलं गेलं. लिलावांत त्यानं आपल्याच हातच्या काही वस्तू परत विकत घेतल्या, पुढे विकता येतील या हिशेबानं. त्या विकल्या गेल्या नाहीत. दरम्यान गिऱ्हाइकाला याहूनही सरळ, याहूनही कोरडं सामान हवं झालं होतं. रीझनेरचे हार, त्याची जडावाची फुलं आता त्या लोकांच्या डोळ्यांत जुन्या राजवटीची वेलबुट्टीच होती. १८०६ मध्ये तो वारला. नेपोलियनला लागणारं सामान तोवर झाकोब घराण्यातली मुलं करू लागली होती, ज्यांच्या बापानं १७८७ मध्ये पती त्रियानोंसाठी गव्हाच्या ओंब्या कोरलेल्या खुर्च्या केल्या होत्या.